जुनी नंबरप्लेट पोत्यात टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट लावण्याच्या बातम्या, मुदतवाढी आणि त्यावरची वाचकांची पत्रं मी नेमाने वाचतो. कोणाला तारीख मिळत नाही, कोणाला दुचाकीचे ४५० रुपये अधिक जीएसटी जड वाटतात. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते नवी प्लेट बसल्यावर जी जुनी निघते, तिच्याबद्दल.

आमच्याकडे वडिलांची १९९० सालची चेतक आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, स्कूटर मात्र अजून दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या किकला सुरू होते. तिला नवी प्लेट लावायला घेऊन गेलो. तिथल्या मुलाने जुनी प्लेट उचकटली आणि न बघता पायाशी ठेवलेल्या पोत्यात टाकली. खण्णकन आवाज आला. मी म्हटलं, "अरे, ती दे इकडे." तो म्हणाला, "काका, भंगार आहे ते. घरी नेऊन काय करणार?" बोलणं उद्धट नव्हतं, त्याला खरंच प्रश्न पडला होता. मी पोत्यात हात घातला. आत चाळीस-पन्नास प्लेटा असतील. एकही कापलेली किंवा वाकवलेली नाही, सगळ्यांवरचे नंबर लख्ख वाचता येत होते.

ही गोष्ट मला साधी वाटत नाही. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याला चासी नंबर दिसत नाही, त्याला दिसतो तो पत्र्यावरचा नंबर. आमच्या शेजाऱ्यांना मागे एक चलन आलं. ज्या रस्त्याला ते जन्मात गेले नाहीत तिथलं. फोटो उघडून पाहिला तर नंबर त्यांचा आणि गाडी भलत्याच रंगाची. ते निस्तरायला त्यांना किती खेटे घालावे लागले ते आम्ही पाहिलंय. नव्या प्लेटवर होलोग्राम आहे, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आहे, एकदा बसल्यावर न उघडणारं लॉक आहे. एवढा बंदोबस्त करायचा आणि त्याच नंबरची जुनी प्लेट पोत्यातून कुठे जाते हे विचारायचंही नाही, हा कुठला कारभार?

म्हणून पहिली विनंती प्लेट बसवणाऱ्यांना. जुनी प्लेट मालकाच्या हातात द्या, नको म्हणाला तर त्याच्यासमोर कात्रीने दोन तुकडे करा. पत्रा कापायची कात्री बोहरी आळीत कुठेही मिळते. आणि दुसरी विनंती मालकांना, की प्लेट मागून घ्या. घरी नेऊन काय करायचं, या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे देतोय.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात त्या विभागात, काम केलं. पत्रा हातात आला की गप्प बसवत नाही. प्लेटच्या कडा गंजल्या होत्या, स्क्रूच्या भोकांभोवती तांबूस फुगवटे आले होते आणि पांढऱ्या रंगाला पोपडे सुटले होते. रंग काढून, पुन्हा रंगवून ती जिन्यात लावायची असं ठरवलं. रस्त्यावर लावण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढच्या रविवारी मला कायदा शिकवणारी चार पत्रं छापून येतील.

पोपडे पात्याने खरवडले आणि वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, घेतला. कोरडा पेपर मारू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखात नव्वद भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा नेम नाही, आणि त्याची धूळ नाकात जाणं वाईट, लहान मुलांच्या तर फारच. पत्रा ओला ठेवायचा, हातमोजे घालायचे आणि नातवंडांना खाली खेळायला पाठवायचं. राहिलेला गाळ मी कागदावर पुसून घेतला, मोरीत सोडला नाही.

पांढरा थर निघाला आणि खाली काळा लागला. तेव्हा आठवलं की त्या काळी खासगी गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पांढरी असत. नियम बदलल्यावर वडिलांनी त्याच पत्र्यावर पांढरा हात मारून घेतला होता. नवा पत्रा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी पेपर बदलला, चारशे नंबरचा घेतला आणि बोटाच्या टोकाने हळूहळू घासत गेलो. काळ्यावर आधी एक तिरकी रेघ उमटली, मग गोलाई, मग अख्खा दोनचा आकडा. त्याच्या उजव्या अंगाला केसाएवढी बारीक लाल सावली दिलेली होती. ही सावली मी तीस वर्षांपूर्वी पाहिली होती आणि पार विसरलो होतो.

प्लेट रंगवली तेव्हा मी वडिलांबरोबर होतो. संगम पुलाजवळच्या आरटीओबाहेर रंगवणारे बसायचे. त्यातल्या एकाने पत्रा मांडीवर घेतला, खडूच्या दोन रेघा ओढल्या, हाताखाली काठी धरली आणि खारीच्या केसांच्या ब्रशने गप्पा मारत मारत नंबर काढला. परवा मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावून पाहिलं. दुचाकीच्या मागच्या प्लेटला नियमाने अक्षरं ३५ मिलिमीटर, आकडे ४० मिलिमीटर, जाडी ७ आणि मधली जागा ५ हवी. त्या माणसाचे आकडे ४० ला अर्धा मिलिमीटर कमी भरले. नुसत्या नजरेवर! आमच्या टूलरूममध्ये त्याला उभ्या उभ्या नोकरी मिळाली असती.

आता पंचाईत अशी झाली, की घासून पत्रा मोकळा केला तर हे अक्षर जाणार आणि ठेवला तर गंज राहणार. शेवटी गंज होता त्या कडा आणि भोकं तेवढी पत्र्यापर्यंत साफ केली, तिथे रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधी लावायचा गंजरोधक प्रायमर, लावला आणि मधला काळा भाग राहू दिला. आकड्यांवर जिथे रंग उडाला होता तिथेच पांढरं भरायचं ठरवलं.

इथे मी माती खाल्ली. डबीतला रंग घट्ट झाला म्हणून ऑइल पेंटमध्ये घरात पडलेलं एनसी थिनर, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या रंगात घालायचं द्रावण, ओतलं. पहिल्या आकड्यावर हात फिरवला आणि पाच मिनिटांत खालचा जुना रंग सायीसारखा सुरकुतला. एक आकडा हातचा गेला. बोहरी आळीतल्या दुकानदाराला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "ऑइल पेंटला टर्पेंटाइन, साहेब. थिनर लॅकरला." चाळीस वर्षं कारखान्यात काढून हे मला काउंटरवर ऐकून घ्यावं लागलं. त्यात महिना जुलैचा. कसब्यातल्या आमच्या घरात पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, तिथे रंग काय वाळणार? पाच दिवस चिकट होता. सहाव्या दिवशी नातीने "वाळला का" म्हणून शून्यात अंगठा टेकवला. तो ठसा मी तसाच ठेवलाय.

कोणी करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. साध्या लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइड चालतो. जस्ताच्या पत्र्यावर आणि अॅल्युमिनियमवर तो धरत नाही, त्यांना वेगळा प्रायमर लागतो, दुकानात तसं सांगून मागा. अक्षरं उठावाची असली तर ब्रशच्या भानगडीत पडू नका. आधी सगळी प्लेट काळी करा, पूर्ण वाळू द्या, मग छोट्या रोलरवर अगदी थोडा पांढरा घेऊन वरून फिरवा. रोलर खोलगट भागाला लागतच नाही. आणि नव्या सुरक्षा प्लेटवरचा काळा रंग फिका वाटला म्हणून घरी ब्रश मारू नका. ती प्लेट आपण हात लावायची वस्तू नाही.

पुढची प्लेट मात्र आमच्याकडे नाही. वडिलांनी ती हौसेने मराठी आकड्यांत करून घेतली होती. नियमाप्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे १, २, ३ नव्हे तर इंग्रजीतलेच हवेत. अलका टॉकीजच्या चौकात एका हवालदाराने अडवलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी रागारागाने ती उपटून रद्दीवाल्याला दिली. घरी आल्यावर म्हणाले, "त्याला वाचता आला नंबर, म्हणूनच तर पावती फाडली ना?" त्या प्लेटवरही तशीच लाल सावली होती का, हे आता विचारायला कोणी नाही.

मागची जिन्यात लावली आहे. नवी प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची, यंत्राने ठोकलेली, सगळ्या पुण्याची सारखी. ती गाडीवर असू दे, काही म्हणणं नाही. पण त्या पोत्यात राहिलेल्या चाळीस-पन्नास प्लेटांचं पुढे काय झालं, हे संबंधितांनी तुमच्या अंकातून सांगावं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
कसबा पेठ, पुणे ११