दुपारी मंदावणाऱ्या संगणकाला फॉरमॅट हे औषध नव्हे

महोदय,

निपाणी, खानापूर, बेळगाव भागातल्या झेरॉक्स दुकानांत आणि ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या केंद्रांत आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक अजून दिवसभर राबतात. सकाळी ते झटपट चालतात, दुपारी मात्र जमिनीच्या उताऱ्याची एक प्रिंट काढायलाही लोक ताटकळतात. मग सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. यात पैसे जातात, कधी जुन्या फायलीही जातात आणि चार दिवसांत पुन्हा तेच. सकाळी धड असलेली विंडोज रोज दुपारीच बिघडत नाही; तोवर संगणक तापलेला असतो, नाहीतर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, भरलेली असते.

पारख सोपी आहे. मंद झाला की ‘रीस्टार्ट’ करा. लगेच सुधारला तर दोष बहुधा रॅमचा. रीस्टार्टने फरक नाही, पण अर्धा तास बंद ठेवल्यावर सुधारला, तर उष्णतेचा. रॅमच्या पारखेसाठी ‘रीस्टार्ट’ऐवजी ‘शट डाऊन’ चालत नाही. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि तोच परत उघडतो.

उष्णतेची खात्री टास्क मॅनेजरमध्ये होते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ म्हणजे प्रोसेसरचा वेग पाहा. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ असताना भर कामातही आकडा १ च्या आसपास अडकत असेल, तर बहुधा प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग आवरतो आहे. पंखा फिरताना दिसतो म्हणून फसू नका. धूळ पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत नमद्यासारखी बसते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ भुकटी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीची काळी धूळ. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा तरी सफाई हवीच.

वायर काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने अडवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग जाते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर कूलरच्या, म्हणजे पंखा-हीटसिंकच्या जोडीच्या, चारही पिना बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्या की सुटतात. एएमडीचा कूलर गार असताना ओढू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी थोडा वेळ संगणक चालवून, बंद करून, कूलर हलका पिळून काढा. प्रोसेसर आणि कूलरमधली सुकलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढीच लावा. इंटेलच्या पिना तिरक्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा ‘टक’ आवाज ऐका. एक जरी अर्धवट बसली तर कूलर तिरपा राहतो आणि सगळी मेहनत वाया. कॅबिनेट भिंतीला टेकवू नका, टेबलाच्या बंद खणात तर नकोच.

रॅमचा दोष असेल तर ४ जीबीत ब्राउझरचे वीस टॅब मावत नाहीत. भार हार्ड डिस्कवर पडतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. आणखी ४ जीबी घाला, पण आधी मदरबोर्ड डीडीआर३ रॅमचा की डीडीआर४चा ते पाहा. खाच वेगळी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. जमल्यास विंडोज एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान चिपच्या डिस्कवर, घ्या. टॅब सगळे बंद असूनही डिस्क १०० टक्केच राहिली, तर अँटिव्हायरसचे दुपारचे स्कॅन चालू आहे का बघा. तेही नसेल, तर डिस्कच मरायला टेकलेली असू शकते. तेव्हा पहिल्यांदा फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मगच स्क्रू काढा.

– संगणक दुरुस्ती कारागीर, निपाणी