गाडी रुळावर आहे, हे सिग्नलला कसं कळतं?

महोदय,

जयविलास राजवाड्यातली टेबलावरची चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या पोरांनी पाहिलेली असते. त्यांना मॉडेल रेल्वेचा सिग्नलही स्वतः करता यावा, म्हणून हे पत्र.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी नातीसाठी 16.5 मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधलं अंतर) रूळ मांडलेत. एका बाजूचा रूळ कापून वेगळे भाग केले आणि प्रत्येक भागाच्या वायरीत चार डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) घातले, दोन सुलटे, दोन उलटे. इंजिन त्या भागात शिरलं की वीज वाहते, डायोडवर साधारण 1.4 व्होल्ट मिळतात, तेवढ्यावर ऑप्टोकपलर (आतल्या प्रकाशावर चालणारा छोटा स्विच) चालू होतो आणि सिग्नल लाल. साधे डबे वीज घेत नाहीत. म्हणून शेवटच्या डब्याच्या दोन चाकांमध्ये बारीक रेझिस्टर (थोडीच वीज जाऊ देणारा भाग) सोल्डर करायचा, नाहीतर इंजिन पुढे गेल्यावर मागचे डबे आत असतानाच सिग्नल हिरवा होतो.

खऱ्या रेल्वेत गाडी ओळखणारी विजेची जोडणी, म्हणजे ट्रॅक सर्किट, विल्यम रॉबिन्सननं 1872 साली पेटंट घेतलेलं, याच्या उलट चालतं. रुळांतून रिलेला (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचला) वीज सतत मिळते; चाकांनी दोन रूळ जोडले की रिलेची वीज तुटते, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली तरी लालच! आमच्याकडे मात्र वायर तुटली तर डबे उभे असूनही हिरवा. नातीला वायर काढून हे दाखवलं, तेव्हा तिनं लगेच विचारलं, "मग आपणही तसंच करूया ना, आजोबा?"

असे प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेत उठायला हवेत. आपल्या बालपुरवणीत ही जोडणी आकृतीसह छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त सिग्नल कर्मचारी, लष्कर, ग्वाल्हेर