काकी, बाबांच्या हातात परत ब्रश दिलात त्याबद्दल

ती. काकींस,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, रागावू नका. घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून, घडी घालून पेटीत टाकलं असतं आणि वर फोन करून विचारलं असतं, "काय गो, एवढं लिहायला काय झालं?" सध्या वाडीत आणि मुंबईतल्या आपल्या माणसांत बरीच लग्नं ठरतायत. तुम्ही आमचं लग्न कसं पार पाडलंत ते त्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे उघडं पत्र.

बाबांनी पतपेढीतून कर्जाचा फॉर्म आणला होता, तिथून सुरुवात झाली. दोन लाखांचा. एकुलती एक मुलगी, राजापुरात हॉल घ्यायचा, बुफे ठेवायचा, मुंबईहून डेकोरेशनवाला आणायचा, असं त्यांच्या डोक्यात होतं. आईने दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा घरात भांडी आपटली गेली. मग तिने तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, फॉर्म चष्मा लावून सगळा वाचलात, व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवलंत आणि काहीच बोलला नाहीत. चहा झाल्यावर म्हणालात, "भावोजी, कर्जाचं नंतर बघू. मला आधी मांडवाच्या दारावर लावायला एक पाटी रंगवून द्या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे बाबा लालबागला पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गणपती मंडळांच्या. मग फ्लेक्स आले. दुकानदार कॉम्प्युटरवरून एका दिवसात बोर्ड छापून घ्यायला लागले आणि बाबांचं काम आटत आटत बंद झालं. शेवटची काही वर्षं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली आणि मग गावाला आले. ब्रश आणले होते, पण माळ्यावर. आम्ही त्या गोष्टीबद्दल घरात बोलत नसू. तुम्ही मात्र भाजी मागावी तशी पाटी मागितलीत.

बाबा आधी "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागची फणसाची जुनी फळी काढून घासत बसलेले दिसले. मी मे महिन्याच्या आधीची सुट्टी घेऊन आले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. सुतळीला खडू चोळला, एक टोक मला धरायला दिलं, दोरी ताणून मध्ये चिमटीत उचलून सोडली आणि फळीवर सरळ पांढरी रेघ उमटली. तशीच खाली दुसरी. मग हाताखाली काठी आडवी धरून, तिच्यावर मनगट टेकवून ते अक्षरं भरत गेले. 'शुभविवाह' लिहिताना 'भ'च्या वळणाशी ब्रश थांबला. मला वाटलं चुकलं. त्यांनी ब्रशचं टोक बोटांत किंचित फिरवलं आणि तो वळसा एका दमात पुरा केला. लाल ऑइलपेंट, त्याला पिवळी सावली. सावली सगळ्या अक्षरांना डाव्या अंगाला का, असं विचारलं तर म्हणाले, "सूर्य एकाच बाजूने येतो ना?" तो फॉर्म त्यानंतर कुठे गेला ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

पाटीनंतर तुम्ही पत्रिका काढल्यात. छापील पत्रिका आणि पाकिटं यांचा खर्च तुम्ही वहीत एका बाजूला लिहिलात आणि दुसऱ्या बाजूला लिहिलंत, 'पोस्टकार्ड, ५० पैसे'. मी म्हटलं होतं, मजकुराचा रबरी शिक्का करून घेऊ, काम लवकर होईल. तेव्हा तुमच्यातली पोस्टवाली जागी झाली. मजकूर छापलेला असला की ते छापील पोस्टकार्ड होतं आणि त्याला ६ रुपये लागतात. हाताने लिहिलेल्याला ५० पैसेच. मग बाबांनी बोरू घासला आणि ओटीवर बसून कार्डं लिहायला घेतली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ जरा मोठी, नावं ठळक, खाली बारीक अक्षरात 'आहेर आणू नये'. उजवीकडचा अर्धा भाग पत्त्यासाठी मोकळा. पिनकोडाशिवाय एकही कार्ड तुम्ही पेटीत पडू दिलं नाहीत.

पत्ते हे निराळंच प्रकरण झालं. बाबांच्या डायरीत सगळे लालबाग-परळच्या चाळींचे पत्ते, आणि माणसं कधीच नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेलेली. प्रत्येक पत्त्यासाठी एकेक फोन करावा लागला. बाबा वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलले नव्हते त्यांच्याशी बोलले. कार्डं लवकर टाकायचा तुमचा आग्रह होता, कारण कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात ते उघडल्या उघडल्या संपतं. ज्याला तारीख उशिरा कळेल तो एसटीने रात्रभर बसून येईल नाहीतर येणारच नाही. हे शहाणपण छापील पत्रिकेवाल्या किती घरांना असतं कोण जाणे. पत्रिका हातात येते तेव्हा गाड्या भरलेल्या असतात.

यादीवर मात्र तुम्ही कठोर होतात. अडीचशेच्या वर जायचं नाही. नाव घातलं की तुमचा एकच प्रश्न, "हा आपल्या घरी शेवटचा कधी जेवला?" उत्तर आलं नाही की पेन्सिलची रेघ. माझ्या ऑफिसातले बरेचजण त्या रेघेखाली गेले आणि खरं सांगते, कोणाला काही वाटलं नाही.

बाकी मांडव, भांडी, पंगत वाडीनेच ओढून नेली, पण दोरी तुमच्या हातात होती. पोफळीचे खांब आणि नारळाचे झाप आपापल्या बागांतले, दाराशी भेरल्या माडाची पानं. टोप, पराती, झारे, डाव वाडीच्या मंडळाकडून नाममात्र भाड्याने, फक्त घासून, मोजून परत करायचे. अंगण सारवायला बायका आदल्या दिवशी पहाटे आल्या. वळवाचा पाऊस येईल म्हणून ताडपत्री घडी करून पडवीत ठेवली होती. आलाच, पण हळदीच्या रात्री, आणि सकाळपर्यंत सारवण सुकलं.

दोन ठिकाणी मात्र तुम्ही पैसे मोजायला लावलेत आणि तेही घासाघीस न करता. वायरिंग आणि आचारी. मांडवाला सगळीकडे सुकं पान, खाली चूल, वर बल्ब. तिथे चुलतभाऊ वायरी जोडत बसला तर मी लग्नाला येणार नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. आचाऱ्याचंही तसंच. अडीचशे माणसांचा भात करणं हे घरच्या स्वयंपाकासारखं काम नव्हे. त्याचा हिशेब मी लिहून घेतलाय: मसालेभात आणि वरणभात मिळून माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम तांदूळ, म्हणजे आम्ही तीस किलो आणले ते पुरून उरले. पंगत असली की वाढणाऱ्याच्या हाती माप राहतं. बुफेत ताट भरतं आणि टाकलं जातं. पानं केळीची, बागेतली. खरकटं गुरांनी खाल्लं.

मेन्यूवर वाद झाला होता, आठवतो का? आत्याला जिलबी हवी होती. तुम्ही म्हणालात, जिलबीला ऐन बाराच्या उन्हात कढईशी कोणीतरी उभं राहणार, बुंदीचा लाडू आदल्या दिवशी वळून होतो. तेवढ्यात प्रश्न मिटला. फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबेडाळ, पापड, सोलकढी. सोलकढीसाठी नारळ तुम्ही सकाळी उठून खवायला लावलेत, रात्री नाही, कारण नारळाचा रस मे महिन्यात दुपारपर्यंतही धड राहत नाही. कोकमाचं आगळ पंगत बसताना घातलं. मुंबईची मंडळी अजून त्या सोलकढीबद्दल बोलतात. लग्नाबद्दल कमी.

आईचा शालू. तो नेसायचा हे मी ठरवलं होतं, पण घडीवर घडी पडून रेशीम चिरलेलं होतं. उलगडलं की निऱ्यांच्या जागी फटी. तुम्ही तो दारात उजेडात आडवा धरून बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, पदर आणि काठ ठणठणीत आहेत, मधलं गेलंय. मग त्याच रंगाच्या साध्या रेशमी कापडाला ते काठ आणि पदर उतरवून लावले. उरलेल्या चांगल्या तुकड्याची नवऱ्याच्या उपरण्याला किनार झाली. अंतरपाट आजोबांच्या धोतराचा. त्याच्यावर स्वस्तिक तुम्ही साखळी टाक्याने भरलंत, आणि उलट्या बाजूलाही गाठ दिसू नये म्हणून दोरा प्रत्येक वेळी आतच फिरवून घेतलात. अंतरपाटाला दोन्ही बाजूंनी माणूस असतं, हे तेव्हा लक्षात आलं.

अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, मला अजून जमत नाहीत. तुम्ही वाळलेली केळीची सोपटं भिजवून त्यांचे धागे काढलेत. सुती दोरा घट्ट ओढला की अबोलीचा देठ तुटतो. सोपटाचा ओला धागा देठाला चिकटतो आणि फूलही ताजं राहतं. माझ्या वहिनीने त्याचा व्हिडिओ केलाय, पण व्हिडिओत बोटं इतकी भरभर चालतात की शिकता काहीच येत नाही.

रुखवतात थर्मोकोलचं देऊळ ठेवू या असं माझ्या मैत्रिणीने सुचवलं होतं. थर्मोकोलला आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे तुम्ही तिला सांगितलंत आणि वर विचारलंत, "आणि नंतर ते देऊळ खाणार काय?" त्यामुळे आमच्या रुखवतात बचतगटाच्या बायकांनी केलेले पोह्याचे पापड, सांडगी मिरची, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि आंब्याचं साठ मांडलं गेलं. सासूबाई आधी जरा गप्प झाल्या होत्या. देवरुखकडची माणसं, त्यांना चांदीची भांडी, निदान स्टीलचा सेट अपेक्षित असावा. पण पूर्ण पावसाळा आम्ही त्याच रुखवतावर काढला आणि कुळथाचं पीठ संपल्यावर पहिला फोन त्यांनीच मला केला, अजून मिळेल का म्हणून.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी आजही भांडेन. माइक हवा होता. "मंगलाष्टकं काय सभेला म्हणायची आहेत?" असं म्हणून तुम्ही तो काढायला लावलात, आणि मागच्या रांगेतल्या माणसांना 'सावधान' ऐकूच आलं नाही. त्यांनी पुढच्यांचे हात वर झालेले बघून अक्षता टाकल्या. माझ्या मामाच्या अक्षता तर एक मंगलाष्टक आधीच पडल्या. स्पीकरचं भाडं म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हती, काकी. तेवढं करायला हवं होतं.

लग्न झालं की संपलं असं वाटत होतं, पण तुमची वही संपली नव्हती. शेवटच्या पानावर 'नोंदणी' लिहिलेलं. गावातल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते, तीन साक्षीदार लागतात, ९० दिवसांच्या आत अर्ज दिला तर विलंबाचा भुर्दंड पडत नाही. लग्नपत्रिका जोडावी लागते. नसेल तर प्रतिज्ञापत्र करा. ग्रामसेवकांनी आमचं पोस्टकार्ड उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ही पत्रिका? तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, दुसऱ्या कुठल्या पत्रिकेवर सरकारचा तारखेचा शिक्का असतो?" त्यांनी जोडून घेतलं.

सगळा खर्च सव्वा लाखाच्या आत राहिला. त्यात माझी आणि नवऱ्याची साठवणूक, अर्धी-अर्धी. लोकांना हा आकडा सांगितला की त्यांना वाटतं आम्ही काटकसर केली. काटकसर कसली? मी माझ्या माहितीत इतकी माणसं इतके दिवस एका घरात राबताना आणि जेवताना पाहिलेली नाहीत. पैशांची जागा वाडीच्या हातांनी भरली, आणि त्या हातांची परतफेड आता आमच्यावर आहे. पुढच्या लग्नांत माझा नवरा पाणी वाढायला उभा राहणार, हे तुम्ही त्याला पंगतीतच बजावलंत.

बाबांचं सांगायचं राहिलं. लग्नाला आलेल्या एकाने ती फणसाच्या फळीवरची पाटी पाहून आपल्या होमस्टेसाठी तशीच करून मागितली. मग त्याच्या शेजाऱ्याने. आता गणपतीच्या आधी दोन मंडळांचं काम आहे. खूप पैसे मिळतात असं नाही, पण ते सकाळी चहा घेऊन पडवीत जातात आणि दुपारी जेवायला त्यांना हाका माराव्या लागतात. आई कुरकुरते की पडवीभर टर्पेंटाइनचा वास. तुम्ही हे सगळं ठरवून केलंत की खरोखर फक्त मांडवाच्या दारावर पाटी हवी होती, हे मला कळलेलं नाही. विचारलं तर तुम्ही सांगणार नाही. आभार दोन्हीबद्दल मानते.

एक काम आहे. माझ्या धाकट्या नणंदेचं ठरतंय, बहुतेक मार्गशीर्षात. तुमची ती वही घेऊन ठेवा, मी दिवाळीला आले की झेरॉक्स काढून घेईन. यादीचं पान मात्र सासूबाईंसमोर तुम्हीच काढा, मला ते जमणार नाही. सोलकढीचं माप वहीत नाही, ते फोनवर सांगा.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळताय ना?

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
वरच्या घरची नवरी