येळ्ळूरच्या पेंटरमामांना

ती. मामांस, सा. नमस्कार.

शेजारचं काम संपवून तुम्ही सायकल काढत होता, तेव्हा मी दारातून हाक मारली. ओळख ना पाळख, तरी आत आलात. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतलात. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून चार लोकांसमोर लिहिते.

शहापुरातल्या आमच्या घरी यंदा गणपतीचं मखर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उभं केलं होतं. विसर्जनानंतर टेप ओढली, तर रंगाचे पापुद्रेच निघून आले. तळहाताएवढे सात डाग, आत पांढरी पुट्टी उघडी. दिवाळी तोंडावर. आधी बघून गेलेल्या माणसाने सांगितलं होतं, गिलावा सुटलाय, सगळा हॉल खरवडावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून सासूबाई गप्पच बसल्या होत्या.

तुम्ही बोटाच्या पेराने ठोकत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात. पोकळ आवाज कुठेच आला नाही. "गिलावा घट्ट हाय की ओ ताई, नुसता रंग सुटलाय. फोडताय कशाला?" मग उघड्या जागेवर माझा तळवा फिरवायला लावलात. हाताला पिठासारखी भुकटी लागली. मागच्या वेळी पुट्टी घासल्यावर धूळ न पुसताच वर रंग मारला होता. त्या रंगाने भिंत धरलीच नव्हती. इतकी वर्षं त्या भिंतीसमोर बसून मला हे कधी कळलं नव्हतं.

पावसाळा नुकताच सरलेला, म्हणून भिंतीत ओल आहे का बघायला तुमच्या सांगण्यावरून प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवला. आतून दव धरलं नाही, तेव्हाच कामाला हात घातला.

सगळं मी स्वतः केलं, मामा. सुटलेला रंग पत्र्याने उचलत गेले आणि जिथे तो घट्ट लागला तिथे थांबले. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासल्या. "डोळे मिटून बोट फिरवा, कड लागली तर अजून घासा," हे तुमचं वाक्य मनात घोळत होतं. एकेका डागाला पाऊण तास गेला. ओल्या फडक्याने भुकटी पुसली, वाळू दिलं, प्रायमर मारला. दुकानदार पांढऱ्या सिमेंटची पुट्टी देत होता. ती जुन्या रंगावर नीट धरत नाही हे तुम्ही बजावलं होतं, म्हणून डब्यातली तयार अ‍ॅक्रेलिक पुट्टी मागून घेतली. डागाच्या बाहेर चार बोटं जाईल अशी, पातळ, दोन हात. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. 220 ने घासून रात्री भिंतीला लागून बल्ब धरला, तर दोन ठिकाणी खड्ड्याची सावली दिसली. तिथे पुन्हा भरलं.

शेवटी पुट्टीवर प्रायमर. तो राहिला असता तर तेवढीच जागा रंग पिऊन वेगळी दिसली असती. जुना रंग फिका पडलेला, म्हणून ठिगळं न लावता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवली.

काल सासूबाईंनी सातही जागांवरून हात फिरवला. एकही सापडली नाही. "त्यांना फराळाला बोलाव," म्हणाल्या. तेव्हा पाडव्याला मामींना घेऊन नक्की या. भिंत तुमच्या हाताने तपासून बघा.

तुमची,
शहापूरची ताई