सागरला, स्टेंटबद्दल

चि. सागरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, स्टेंट टाकलेल्या जागीच परत ब्लॉकेज कसं? स्टेंटच खराब होता का?" आई शेजारी बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता सगळं लिहितो.

स्टेंट, म्हणजे हृदयाची शीर उघडी ठेवणारी ती जाळी, चांगला होता. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं किमती बांधून दिल्या, औषधाचा लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला, म्हणून तर त्या वर्षी आपल्याला झेपला. या वेळी डॉक्टरांनी शिरेत बारीक कॅमेरा घालून मला पडद्यावर दाखवलं. जाळीच्या तारा जिथल्या तिथं होत्या. त्यांच्यावर आतल्या बाजूनं जो पातळ थर चढतो, त्यात पिवळट चरबी साठली होती.

स्टेंटनंतर पहिल्या वर्षभरात शीर अरुंद झाली, तर ते बहुतेक जखम भरताना मांस वाढल्यामुळं. साध्या जाळीत हे चार-पाचांत एकाला व्हायचं, औषधाचा लेप आल्यावर दहांत एकाच्याही खाली आलं. त्यात कोलेस्टेरॉलपेक्षा मधुमेहाचा हात मोठा. माझं दुखणं सात वर्षांनी उठलं. इतक्या उशिरा होतं तेव्हा एलडीएलकडे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलकडे, बघावंच लागतं.

आणि तिथं चूक माझी आहे. २०२० मध्ये माझं एलडीएल ५८ आलं. रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला, असं वाटलं. त्या गोळीनं लिव्हर खराब होतं असंही कुणीतरी सांगितलं होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवली, कोलेस्टेरॉलची बंद केली आणि कुणालाच बोललो नाही. परवा लाइट बिलांच्या खाली ती स्ट्रिप सापडली, सहा गोळ्या तशाच. दवाखान्यात भरती झालो तेव्हा एलडीएल १४१. डॉक्टर म्हणाले, "काका, रिपोर्ट गोळीमुळं नॉर्मल होता." गोळी घेतली असती तर हे टळलंच असतं, असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. पण चार वर्षं मी त्या शिरेला संरक्षणाशिवाय सोडलं, हे खरं. जाळी एक जागा उघडते, बाकीच्या सगळ्या शिरा गोळीच्याच भरवशावर असतात.

आता औषध लावलेल्या फुग्यानं शीर उघडलीय, नवा स्टेंट घातला नाही. एलडीएल ५० च्या खाली ठेवायला सांगितलंय.

तुझं एलडीएल कंपनीच्या तपासणीत १६८ आलं होतं. तू म्हणालास, मी तर बारीक आहे. माझे वडील तुझ्याहून बारीक होते रे, बावन्नाव्या वर्षी शेतातच गेले. पुन्हा तपासून घे, आणि लायपोप्रोटीन ए एकदा बघ, तेही रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एक द्रव्य आहे. ते आई-वडिलांकडूनच येतं, जेवणानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुधा पुरतं. माझ्या डॉक्टरांनी मुलांचं बघा असं मुद्दाम सांगितलंय.

आई आता प्रत्येक स्ट्रिपच्या मागं पेनानं वार लिहिते. शनिवारी रक्त देऊन ये, आणि रिपोर्टचा फोटो आधी मला पाठव, तिला मीच सांगेन.

तुझा,
बाबा