त्या रकान्यात काय लिहू, शालू?

किटवे, झांबिया
जून

प्रिय शालू,

सलाम.

तुझे निरोप पोचले. फोनवर बोलता आलं असतं, पण हे बोलणं फोनवरचं नाही, आणि घर एवढंसं आहे की स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातं. मंडळीतल्या एका आजींना ऑपरेशनसाठी मुंबईला नेतायत. त्यांचा मुलगा हे पाकीट तिथून कुरिअर करील. तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, यांची साखर बरी. झालं तब्येतीचं.

आता ऐक. आमची मुदत वाढवून मिळाली आहे. त्याबरोबर मिशनकडून नवा फॉर्म आला. पासपोर्टचा नंबर, रक्तगट, विमा, वारस, सगळं नेहमीचं. शेवटच्या पानावर मात्र एक कलम आहे, ते पहिल्या वेळी नव्हतं. सेवेच्या काळात मृत्यू आल्यास दफन इथेच करायचं की पार्थिव मायदेशी पाठवायचं? पतीचा रकाना वेगळा, पत्नीचा वेगळा. यांनी आपल्या रकान्यात ‘इथेच’ लिहिलं, सही केली, कागद माझ्यापुढे सरकवला आणि कोंबडीला दाणे टाकायला निघून गेले.

कोंबडीचं तुला ठाऊक नाही. दूरच्या एका खेड्यातल्या मंडळीत यांनी उपदेश केला. निघताना तिथल्या बायकांनी गुडघे टेकून यांच्या हातात जिवंत कोंबडी दिली. इथे पाहुण्याचा हा मोठा मान. परतताना मिनीबसमध्ये अख्खा रस्ता हे तिला मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर मी पातेलं काढलं, तर म्हणाले, “एवढ्या प्रवासात आमची ओळख झाली, आता हिला कापायचं नाही.” तीच आता यांच्या उपदेशाच्या कागदांच्या खोक्यात अंडी घालते. शेजारणी मुद्दाम बघायला येतात आणि हसून हसून बेजार होतात.

तर तो कागद तेव्हापासून टेबलावर आहे, माझा रकाना कोरा. मुलाला सांगितलं तर म्हणेल, “आई, आतापासून कशाला?” पाळकसाहेबांना विचारलं तर पुनरुत्थानाचं वचन काढतील. ते वचन मलाही पाठ आहे, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. माती कुठलीही असली तरी तो हाक मारील तेव्हा सगळे उठतील, हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या रात्री वॉर्डात तू होतीस. मेट्रन नको म्हणत असताना टॉवेलात गुंडाळून त्याला माझ्या मांडीवर तू ठेवलंस. टोपी तू घातलीस. आणि नंतर कबरस्तानाच्या भिंतीपाशी मी तुला काय म्हणाले होते, ते तुझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही. यांनाही नाही.

म्हणून तुला लिहितेय.

यांच्यावर मी रागावले नाही. यांच्या मनात हे कुठून आलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या महिन्यात आमच्या गायनवृंदातल्या एक बाई वारल्या. इथे कोणी गेलं की घरातलं सामान बाहेर काढतात, खोली रिकामी करतात. बायका आत जमिनीवर चटया टाकून बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. दफन होईपर्यंत कोणी त्या घराला एकटं सोडत नाही. नोकरीवाले रात्री येतात, पहाटे तिथूनच कामावर जातात. मी आत बसले होते, पाय लांब करून, एका अनोळखी बाईच्या खांद्याला टेकून. सगळ्या रात्रभर गात होत्या. कोणी एकीनं सूर लावायचा, बाकीच्यांनी चार सुरांत उचलायचा, पुस्तक नाही, पेटी नाही. मधेच कोणीतरी हंबरडा फोडला की गाणं थांबायचं नाही, फक्त हळू व्हायचं. पहाटे पाणी प्यायला उठले तर दारातून हे दिसले. अंगावर कोणाचं तरी घोंगडं, दोन्ही बाजूंना खाणीतले म्हातारे, आणि हे त्यांच्यातलेच एक होऊन निखारे सारत बसलेले. त्या पहाटेच यांनी ठरवलं असणार. “आपल्याला कोणी एकटं ठेवणार नाही इथे,” असं घरी आल्यावर एकदाच म्हणाले. मी तेव्हा त्यावर काही विचार केला नाही.

आणि हा माणूस इथे खरोखर फुललाय गं. मिंडोलो या ख्रिस्ती प्रशिक्षण केंद्राच्या आवारात डाग हॅमरशोल्डच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या सरचिटणीसाच्या, नावाचं ग्रंथालय आहे. १९६१ मध्ये त्याचं विमान पडलं ते इथून जवळच, एन्डोलापाशी. दुपारी वर्ग संपले की हे तिथे बसतात, आणि प्रशिक्षणाला आलेली पोरं यांच्याभोवती. रिटायर झाल्यावर घरात दिवसभर पेपर उलटासुलटा करत बसायचे, आठवतंय ना? ते गृहस्थ आता रविवारी सगळ्यांच्या आधी बूट पुसून तयार. २०२४ च्या दुष्काळानंतर करिबा धरणात पाणी राहिलं नाही, तेव्हा दिवसदिवस वीज नसायची. तेव्हाही कोळशाच्या शेगडीवर पाणी तापवून, मेणबत्तीवर पाठ तयार करून हे वेळेवर वर्गात.

माझंही ऐक, कारण जाताना तू मला जे बोललीस ते मी विसरले नाही. “नवऱ्यामागे फरफटत चाललीस,” म्हणालीस. साठीनंतर कोणी परदेशात संसार थाटतं का, म्हणालीस. शालू, मी फरफटत आले नाही. मला स्वतःला बोलावणं होतं, यांच्या आधीपासून, आणि ते अजून तितकंच स्पष्ट ऐकू येतं. इथली नर्सची नोंदणी नाही म्हणून मला सुई हातात धरता येत नाही. पण लहान मुलांच्या दवाखान्याच्या दिवशी मी वजनं करते. फांदीला काटा टांगलेला असतो, त्याच्या आकड्याला कापडाची झोळी. आई पाठीवरचं चितेंगे, म्हणजे बाळ बांधायचं कापड, सोडते, बाळ झोळीत घालते, ते आधी रडतं आणि मग पाय मारत झुलायला लागतं. काटा स्थिर होईपर्यंत एक हात मी त्याच्या खाली धरते. कार्डावर टिंब देते. मागच्या टिंबापेक्षा वर गेलं की आई आणि मी एकमेकींकडे बघतो. खाली आलं तर तिला बाजूला घेऊन बसते. चाळीस वर्षं आपण दोघींनी नोकरी केली, पण एका बाळाकडे एवढा वेळ बघायला कधी मिळालं होतं? तूच सांग. त्यात माझं बाळ मला रोज दिसतं, हेही तुलाच सांगते.

म्हणूनच ‘इथेच’ लिहायला हात धजत नाही.

इस्टरनंतर आम्ही चितांबोला जाऊन आलो. सेरेन्जेच्या पुढे हमरस्ता सोडून आत जायचं, मग जंगलच जंगल. मिशनरी लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी तिथे वारला, बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज काढून, पिठाच्या पत्र्याच्या डब्यात घालून, मपुंदूच्या झाडाखाली पुरलं. देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि कापडात बांधला, आणि चुमा, सुसी आणि बाकीच्यांनी तो खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. नऊ महिने. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन. हे सगळं आपण शाळेत ऐकलं होतं. पण काळीज पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव आणि तारीख कोरली, तो जेकब वेनराइट आपल्या नाशिकच्या शरणपूरचा! गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे मिशनच्या शाळेत ठेवत, त्यांतला तो. लंडनच्या दफनात शवपेटीबरोबर चालायचा मानही त्याला मिळाला. शरणपूर रोडनं आपण दोघी किती वेळा सायकलवर गेलो आणि हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. झाड आता नाही. १८९९ मध्ये तोडून कोरलेला भाग लंडनला नेला. त्या जागी क्रूस असलेला स्तंभ आहे. हे तिथे टोपी काढून बराच वेळ उभे होते.

गाडीत म्हणाले, “बघ, त्याच्या माणसांना कळलं, काळीज कुठे ठेवायचं ते.”

मी म्हणाले, “आणि त्याची बायको?”

हे गप्प. मेरी लिव्हिंग्स्टन १८६२ मध्ये झांबेझीच्या काठी, शुपांगाला तापानं गेली. तिला तिथेच गोरखचिंचेच्या झाडाखाली पुरलं. तो राजारजवाड्यांच्या शेजारी लंडनमध्ये, ती आज मोझांबिकमध्ये. जगभर त्याचे पुतळे आणि तिच्याकडे कोण जातं? मला भयंकर राग आला, शालू. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा एवढा राग यावा असं काही नव्हतं, पण आला. सेरेन्जेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

शेजारच्या बाईंशी थोडं बोलले, फॉर्मचं नाव न काढता. त्यांनी मला केनेथ काउंडांचं सांगितलं. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा सरकारनं त्यांना लुसाकाच्या एम्बसी पार्कमध्ये, इतर राष्ट्राध्यक्षांजवळ पुरायचं ठरवलं. वडिलांना आईच्या, बेटीबाईंच्या शेजारी जागा हवी होती, म्हणून मुलगा कोर्टात गेला. काही उपयोग झाला नाही, दफन पार्कातच झालं. बाई म्हणाल्या, “ज्या माणसानं देश स्वतंत्र केला, त्याला बायकोशेजारी एवढी जागा मिळू नये?” सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता माझा पेच बघ. मी ‘मायदेशी’ लिहिलं तर बाळाजवळ जाईन, आणि हे इथे राहतील, एकटे. गाणारे असतील भोवती, पण मी नसेन. ‘इथेच’ लिहिलं तर यांच्याजवळ राहीन, आणि ते एवढंसं तिथे एकटं. बेचाळीस वर्षं झाली, मी त्याला आई म्हणून दुसरं काही देऊ शकले नाही. एवढं एकच मनाशी धरून होते. कोणीतरी म्हणेल, दोघं कधी जातील, कुठे जातील, देवाच्या हातात आहे. आहेच. पण रकाना मला भरायचाय.

यांना सांग म्हणशील. शालू, या घरात त्या दिवसापासून त्याचं नाव निघालेलं नाही. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, त्यालासुद्धा आम्ही सांगितलं ते तो कॉलेजात गेल्यावर, आणि तेही मी, हे बाहेर गेले असताना. हे माझ्यासमोर कधी रडले नाहीत. मला कधीकधी वाटतं विसरले, आणि असं वाटलं की माझं मलाच वाईट वाटतं, कारण हा माणूस एका कोंबडीची ओळख मोडत नाही.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. व्यायाम टाळू नकोस, तू नर्स आहेस, पेशंटसारखी वागू नकोस. सुनेचे दिवस भरत आलेत, तिला शेवटच्या महिन्यात जिने चढायला लावू नका. भावाशी घरावरून चाललेलं मिटवून टाक बाई, तुमच्या बापूंना ते सहन झालं नसतं. आणि तो ख्रिसमसच्या नाइट ड्यूटीचा वाद तू अजून काढतेस असं कळलं! ती ड्यूटी तुझीच होती. वही दाखवीन.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, कबरस्तानाच्या कमिटीत जाऊन विचार. त्याच्या कबरीला लागून जागा शिल्लक आहे का, आणि नसेल तर एवढ्या वर्षांनी लहान मुलाची कबर उघडून आईवडिलांना त्यात ठेवू देतात का. दोघांनाही. बापूंच्या वेळी आईच्या जागेसाठी तू हे सगळं केलं होतंस, कोणाशी बोलायचं ते तुला माहीत आहे. नोंदवहीत नाव नसेल, त्याचं नावच ठेवलं नव्हतं. यांच्या आडनावाखाली शोध.

दुसरं काम जरा कठीण आहे. त्या रात्री तू बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलीस तेव्हा हे तुझ्याशी बराच वेळ बोलत होते. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. तू परत आलीस ती डोळे पुसत. मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस, आणि यांनी तुला शपथ घातली असेल तर तू पाळलीस याचं मला कौतुकच आहे. पण आता मला ते कळायला हवं. हे काय म्हणाले होते, शब्दन्‌शब्द आठवत असेल तसं लिही.

फॉर्म पुढच्या महिन्याच्या आत द्यायचाय. आजींचा मुलगा त्याच्या आधी परत येणार आहे, त्याचा मुंबईचा पत्ता आणि नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. उत्तर त्याच्याच हाती दे, फोन करू नकोस.

तुझी
मंदा