प्रमाणपत्राआधी कच्च्या मालाची यादी मागणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हलाल प्रमाणित खाद्यपदार्थ परदेशी पाठवणारे आम्ही काही छोटे उत्पादक आणि निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारे लोक मिळून हे पत्र लिहीत आहोत. तुम्ही आमच्या फाइली ओळीओळीने वाचून दिल्यात आणि प्रत्येक खुणेमागचं कारण समजावलंत. त्याचा मोबदला तर कधी मागितलाच नाहीत. तुमचे आभार उघडपणे मानायचे ठरवले, कारण तुम्ही शिकवलेलं या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

सुरुवात तुमच्या ठरलेल्या प्रश्नाने करतो: माल कुठे जाणार? हलाल प्रमाणपत्र म्हणजे जगभर चालणारा परवाना, अशी समजूत घेऊन लोक येतात आणि तिथेच फसतात. जो देश माल घेणार, त्याने तुमच्या प्रमाणन संस्थेला मान्यता दिली आहे का, हे आधी बघायचं. मलेशियात २०११ च्या आदेशानुसार एखादा आयात पदार्थ ‘हलाल’ म्हणून विकायचा तर जाकिमचं (मलेशियाच्या सरकारी इस्लामी विभागाचं) किंवा जाकिमने मान्य केलेल्या परदेशी संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. इंडोनेशियात २०१४ चा ३३ क्रमांकाचा हलाल कायदा आणि तो राबवणारी बीपीजेपीएच ही सरकारी संस्था. तिथे परदेशी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचं असलं तरी माल बाजारात जाण्याआधी आयातदाराला त्याची नोंदणी करावी लागते. आखाती देशांत त्यांच्या सामायिक मानक संघटनेची जीएसओ २०५५ ही मानकमालिका: पहिला भाग अन्नासाठी, दुसरा प्रमाणन संस्थांसाठी. तिथे आपल्या प्रमाणन संस्थेला अधिस्वीकृती (प्रमाणपत्र देण्याची पात्रता) कोणी दिली आहे, हेही तपासलं जातं.

मान्यता वर्गवार असते, ही गोष्ट तुम्ही सांगेपर्यंत आमच्यापैकी अनेकांच्या गावीही नव्हती. एखाद्या संस्थेला कत्तलीसाठी मान्यता असेल पण प्रक्रिया केलेल्या अन्नासाठी नसेल, किंवा उलट. यादीत संस्थेचं नाव दिसलं की लोक खूश होतात. पुढच्या रकान्यातली व्याप्ती आणि मुदत कोणी वाचत नाही. आणि या याद्या बदलतात. म्हणून करार करताना एकदा आणि माल भरण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या अधिकृत यादीवर नाव तपासायचं, ही तुमची सवय आता आमचीही झाली आहे.

पण तुमचे खरे उपकार आहेत ते कच्च्या मालाच्या यादीबाबत. ज्यात मांस नाही, दारू नाही, अशा साध्या बिस्किटाला किंवा सूपच्या पावडरीला हलालची काय अडचण येणार, असं सगळ्यांनाच वाटतं. पाणी मुरतं ते किलोमागे ग्रॅम-दोन ग्रॅम पडणाऱ्या घटकांत. ई ४७१ (‘ई’ म्हणजे अन्नात घालायच्या द्रव्यांचे क्रमांक) म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, तेल-पाणी एकजीव ठेवणारं इमल्सिफायर: पाम तेलापासून बनतात, तशीच प्राण्यांच्या चरबीपासूनही. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, मॅग्नेशियम स्टिअरेट यांचीही तीच कथा. पावाच्या कणकेत टाकलं जाणारं एल-सिस्टीन, म्हणजे ई ९२०, पिसांपासून किंवा केसांपासून काढलेलं असू शकतं आणि सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलंही. व्हे पावडर आली की ज्या चीजमधून ती निघाली त्याचं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) कुठलं, हे विचारायचं. यीस्टचा अर्क आला की ते यीस्ट बिअरच्या कारखान्यातून उरलेलं तर नाही ना, हे बघायचं. फळांचा रस पारदर्शक करायला जिलेटिन वापरलं जातं आणि साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा. ही प्रक्रियेतली मदतनीस द्रव्यं लेबलवर सहसा येत नाहीत.

जीवनसत्त्वांचं उदाहरण तर आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी देतो. पोषणमूल्य वाढवण्यासाठी ‘अ’ किंवा ‘ड’ जीवनसत्त्व घालायचं तर ते बहुतेक वेळा कोरड्या दाण्यांच्या रूपात येतं. जीवनसत्त्व निर्दोष असलं तरी त्या दाण्याचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. बीटा कॅरोटिनच्या पावडरीतही हेच होतं. पुरवठादाराच्या पत्रकावर ‘जीवनसत्त्व अ’ एवढंच छापलेलं असतं. वाहक (जीवनसत्त्व ज्यात मिसळलंय ते द्रव्य) काय, आवरण काय, हे वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही. सुधारित स्टार्च किंवा अकेशियाच्या डिंकाचं आवरण असलेले दाणे मिळतात. फक्त खरेदीच्या ऑर्डरमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागतं.

पुरवठादाराचं हलाल प्रमाणपत्र कसं वाचायचं, हे तुम्ही ज्या बारकाईने दाखवलंत ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पहिलं पान बाजूला ठेवायचं आणि सोबतची जोडपत्रं काढायची. आपण घेतो त्या मालाचा कोड जोडपत्रात अक्षरशः तसाच आहे का बघायचा. कोडच्या शेवटी एखादं अक्षर जास्त असेल तर तो वेगळा माल समजायचा. मग कारखान्याचा पत्ता. एकाच कंपनीचं एकच इमल्सिफायर दोन देशांत बनतं. एका ठिकाणी पामपासून, दुसरीकडे चरबीपासून. प्रमाणपत्र पहिल्या कारखान्याचं आणि पोत्यावरचा पत्ता दुसऱ्याचा, असं झालं तर ते प्रमाणपत्र आपल्यासाठी कोरा कागद. त्यानंतर मुदत, आणि शेवटी ज्या संस्थेने ते दिलं तिला आपण माल पाठवणार त्या देशाची मान्यता आहे का. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त वेळा सुटतो, कारण आपली संस्था मान्यताप्राप्त असली की झालं असं वाटतं. पुरवठादाराच्या संस्थेपर्यंत कोणी जात नाही.

फ्लेवर हा या सगळ्यातला सर्वांत किचकट भाग. एका फ्लेवरमध्ये डझनावारी घटक असतात आणि उत्पादक सूत्र उघड करत नाही. त्यावर वाद घालत बसू नका, उत्पादकाला गोपनीयतेच्या करारावर सूत्र थेट प्रमाणन संस्थेकडे पाठवायला सांगा, हा तुमचा तोडगा दर वेळी उपयोगी पडतो. फ्लेवरमधला द्रावक इथेनॉल असेल तर प्रश्न दोन: ते मद्य बनवण्याच्या प्रक्रियेतून आलंय का, आणि अंतिम पदार्थात किती उरतं. मलेशियाच्या २०११ च्या धार्मिक निर्णयानुसार फ्लेवर किंवा रंग स्थिर ठेवण्यासाठी वापरलेलं, मद्यनिर्मितीतून न आलेलं अल्कोहोल चालतं, पण अंतिम पदार्थात ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नको. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या २०१८ च्या फतव्यात आंबवण्यातून तयार झालेल्या, मद्य नसलेल्या पेयांसाठी मर्यादा ०.५ टक्क्याच्या खाली आहे. एका बाजाराचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. शक्य असेल तिथे इथेनॉलऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकातला फ्लेवर घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. तुमचं हे मत आम्हाला पूर्ण पटलं आहे.

रंगांतही देशागणिक फरक पडतो. कोचिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग, ई १२०, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये मान्य केला; हनफी मताने (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका परंपरेने) चालणाऱ्या अनेक संस्था तो नाकारतात. एकच माल अनेक देशांत पाठवायचा तर बीटचा लाल रंग वापरून मोकळं व्हावं.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल तुम्ही जे बजावलंत ते इथे ठळकपणे लिहायला हवं, कारण त्यावर लोकांचा नको इतका भरवसा असतो. पीसीआर चाचणी डुकराचा डीएनए शोधते. मांसाच्या पदार्थात ती उत्तम चालते. पण शुद्धीकरण केलेली चरबी किंवा तिच्यापासून बनलेलं इमल्सिफायर यांत डीएनए जवळपास उरतच नाही. ‘आढळला नाही’ असा शेरा मिळतो, पण त्यावरून मूळ वनस्पती की प्राणी हे ठरत नाही. जिलेटिनवर प्रक्रिया होताना डीएनए तुटतो, म्हणून तिथे प्रथिनांचे तुकडे ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीची चाचणी जास्त विश्वासाची. ई ४७१ साठी अहवालाऐवजी उत्पादकाचा प्रक्रियेचा तक्ता आणि तेलाच्या खरेदीची साखळीच लागते. आणि तेल टँकरने येत असेल तर त्या टँकरमध्ये आधीच्या तीन खेपांत काय होतं, याची लेखी नोंद.

कारखान्यातल्या गोष्टी त्या मानाने सरळ आहेत. एकाच यंत्रावर कधी डुकराचे घटक चालले असतील तर मलेशियाच्या एमएस १५०० मानकाप्रमाणे सात वेळा धुणं लागतं, त्यातलं एकदा माती मिसळलेल्या पाण्याने, आणि असं धुऊन घेतलेली लाइन पुन्हा त्या मालासाठी वापरून परत हलालकडे आणणं चालत नाही. ब्रशचे केस कशाचे, पट्ट्याला आणि साच्याला लावायचं वंगण कुठल्या चरबीचं, हे बघायचं. तोडून पुन्हा मिसळला जाणारा माल कोणत्या बॅचमधला, याची नोंद हवी. संशोधन विभागाच्या कपाटात चव जुळवायला आणलेले प्रतिस्पर्ध्यांचे नमुने पडलेले असतात. ते कारखान्याच्या बाहेर ठेवायचे. शाफई या दुसऱ्या इस्लामी परंपरेच्या मताने चालणाऱ्या देशांसाठी तपासणी असेल तर आवारातला राखणीचा कुत्रासुद्धा शेऱ्यात येतो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र खरेदी विभागात असतो, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. नेहमीचा माल संपतो, उत्पादन थांबायला नको म्हणून तोच घटक दुसऱ्याकडून येतो, आणि हलालचं काम बघणाऱ्याला ते पुढच्या हलाल तपासणीत कळतं. तुमच्या सांगण्यावरून आम्ही संगणकात कुलूप घातलं: मंजूर यादीत घटकाचा कोड, उत्पादक आणि कारखान्याचा पत्ता हे तिन्ही जुळल्याशिवाय गोदामात आवक नोंदच होत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपायला ९० दिवस उरले की खरेदी आणि हलाल समिती दोघांनाही सूचना जाते. नव्वदच का, असं सुरुवातीला वाटायचं. पण पुरवठादाराचं नूतनीकरण लांबलं तर पर्यायी घटक शोधून, चाचणी बॅच काढून, संस्थेकडून मंजूर करून घ्यायला तेवढे दिवस सहज जातात.

लेबलबाबत थोडक्यात. प्रमाणपत्रावर जे उत्पादनाचं नाव आहे तेच पाकिटावर, तेच इन्व्हॉइसवर, तेच पॅकिंग लिस्टवर. एका ठिकाणी ‘चीज क्रॅकर’ आणि दुसरीकडे ‘क्रॅकर चीज फ्लेवर’ लिहिलं की बंदरावर प्रश्न उभा राहतो आणि कंटेनरचा विलंब आकार रोज वाढत जातो. ‘रम’, ‘बिअर’, ‘बेकन’ असे शब्द नावात नकोत. घटक शुद्ध असले तरी मलेशिया आणि इंडोनेशियात अशा नावाला प्रमाणपत्र मिळत नाही. मलेशियासाठी परदेशी प्रमाणन संस्थेचं नाव पाकिटावर हवं, आखाती देशांसाठी मजकूर अरबीत. अरबी स्टिकर मूळ उत्पादन तारखेवर चिकटवला गेला तर काय होतं, हे निर्यातदारांना सांगायची गरज नाही.

मांसाच्या निर्यातीत वर्षाचं प्रमाणपत्र पुरत नाही, प्रत्येक खेपेचं वेगळं लागतं: कत्तलखान्याचा क्रमांक, कत्तलीची तारीख, वजन, पेट्यांची संख्या. तिथला एक आकडा चुकला तर दुरुस्तीचं पत्र चालेलच असं नाही, नव्याने प्रमाणपत्र काढावं लागतं. जहाज सुटल्यावर हे कळणं फार महागात पडतं. म्हणून मसुदा आयातदाराला आधी दाखवून त्याची लेखी संमती घ्यायची, ही तुमची पद्धत आम्ही प्रक्रिया केलेल्या मालालाही लावली आहे. सामायिक कंटेनरमध्ये शेजारी कोणाचा माल येणार, हे वाहतूकदाराकडून आधी लिहून घेतो.

मॅडम, हे सगळं मानकांत छापलेलं आहे, असं तुम्ही नेहमी म्हणता. आहे खरं. पण कोणती ओळ कोणत्या पोत्याला लागू पडते, हे दाखवणारं माणूस लागतं. तुम्ही रात्री उशिरा आलेल्या शंकेलाही कधी कंटाळून उत्तर दिलं नाहीत. आणि मुख्य म्हणजे, ‘एवढं कोण बघतंय’ हे वाक्य तुमच्यासमोर कोणी काढलं तर तुम्ही शांतपणे सांगायचात की पाकीट उघडणारा माणूस आपल्या श्रद्धेने ते खातो, आणि त्याला स्वतः तपासायची काहीच सोय नसते. त्याच्या वतीने तुम्ही आमच्या फाइली वाचल्यात. त्याबद्दल तुमचे शतशः आभार.

एक विनंती आहे. तुम्ही करून दिलेला कच्च्या मालाचा तक्ता (व्यापारी नाव, कोड, उत्पादक, कारखान्याचा पत्ता, मूळ स्रोत, वाहक आणि आवरण, प्रमाणपत्र क्रमांक, मुदत, देणारी संस्था, तिला मान्यता देणारे देश) नव्या निर्यातदारांना मोकळेपणाने द्यायची परवानगी द्यावी. इंडोनेशियाने आयात खाद्यपदार्थांच्या हलाल प्रमाणपत्रासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही अंतिम मुदत ठेवली आहे आणि त्या बाजारात माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला हा तक्ता भरावाच लागणार आहे. होकार कळवलात की आम्ही तो त्याच आठवड्यात वाटायला घेऊ.

आपले कृतज्ञ,
निर्यात विभागातले आम्ही सर्व